क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणात समाज नेमका बसतो कुठे?

उंबरठा

नमस्कार मंडळी. क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण घेतेय, शेवटचं वर्ष चालू आहे. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माझ्याकडे एक बाई येतात. गोदामात माल निवडून भरायचं काम करतात. छातीत धडधड, झोप नाही, घरच्यांवर चिडचिड. सेशनभर मोबाइल मांडीवर सुलटा ठेवलेला असतो, कारण उद्याची पाळी कोणती हे आदल्या संध्याकाळी मेसेजवर कळतं. लगेच 'हो' कळवलं नाही तर पाळी दुसऱ्याला जाते. आईबद्दल, मुलीबद्दल बोलतानाही त्यांचा अंगठा त्या काचेवरून हलत नाही.

केस मांडायचा आमचा तक्ता ठरलेला आहे: आधीपासूनचे घटक, निमित्त झालेले घटक, त्रास टिकवून धरणारे घटक आणि आधार देणारे घटक. 'टिकवून धरणारे' या रकान्यात मी पहिलं वाक्य पाळीच्या मेसेजबद्दल लिहिलं. प्रशिक्षणातल्या माझ्या सुपरव्हायझरनी ते खालच्या 'सामाजिक पार्श्वभूमी' या छोट्या चौकोनात हलवायला लावलं. वर काय आलं? 'वारंवार मोबाइल तपासणे, अनिश्चितता सहन न होणे.'

सुपरव्हायझर अनुभवी आहेत, पेशंटबद्दल त्यांना कळकळ आहे, म्हणून हे जास्त लागलं. एका ओळीची जागा बदलली आणि नोकरीतली अडचण बाईंच्या स्वभावातला दोष होऊन बसली.

क्रिटिकल सायकॉलॉजी (मानसशास्त्राचीच सत्तेच्या अंगाने तपासणी) आणि कम्युनिटी सायकॉलॉजी (एकेका माणसाऐवजी समाजाबरोबरचं काम) यांवर आम्हाला एकच व्याख्यान झालं. परीक्षेत त्यावर काही विचारत नाहीत. हे आपल्या कामाच्या कक्षेत येतं का? येत असेल तर शिकायचं कुठे आणि कसं?

सरळरेष

रुग्णालयात बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. पाळीचा मेसेज त्या गोदामातल्या सगळ्यांनाच येतो, धडधड सगळ्यांना होत नाही. समोर बसलेल्या माणसाचं वेगळं काय आहे ते शोधणं हे आपलं काम, आणि त्यासाठीच आपल्याला प्रशिक्षण मिळालंय. पॅनिकवर, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र घबराटीवर, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी उपचारपद्धती) उपयोगी पडते हे कित्येक चाचण्यांतून सिद्ध झालंय. झोपेवरही ठोस उपचार आहेत.

समाज बदलायला हवा, मान्य. पण तो बदलेपर्यंत त्या बाईंनी जागंच राहायचं का? व्यवस्थेवरची चर्चा ऐकायला कुणी आपल्याकडे येत नाही. माणूस येतो तो रात्री झोप लागावी म्हणून.

दोनओळी

दोन्ही एकत्र करता येत नाही का?

काजवा

सरळरेष, 'सगळ्यांना होत नाही' हा मुद्दा मी नेहमी ऐकतो. जेफ्री रोज या साथरोगतज्ज्ञाने १९८५ साली त्याचं उत्तर देऊन ठेवलंय. एका गटात हाच माणूस आजारी का पडला, हा एक प्रश्न. या गटात इतके लोक आजारी का पडतात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कितीही अचूक काढलं तरी दुसऱ्याचं हाती लागत नाही. क्लिनिकल प्रशिक्षणात आपण आयुष्यभर पहिलाच प्रश्न सोडवायला शिकतो.

कामाच्या जागेबद्दल रॉबर्ट कारासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलेला विचारही इथे चपखल बसतो: कामाचा रेटा मोठा आणि स्वतःच्या कामावर ताबा कमी, अशी जोडी जमली की ताण सर्वांत जास्त.

आणि हे बाहेरून आणून चिकटवलेलं नाही. १९४९ च्या बोल्डर परिषदेत अमेरिकेत क्लिनिकल प्रशिक्षणाचा साचा ठरला. १९६५ मध्ये अमेरिकेतच स्वॉम्पस्कॉट या गावी परिषदेला जमलेले मानसशास्त्रज्ञ त्याच साच्यातून आलेले होते. खोलीत बसून एकेकाला बरं करत राहिलो तर हे काम कधीच पुरं पडणार नाही, हे त्यांनी अनुभवलं होतं. कम्युनिटी सायकॉलॉजी हे नाव तिथे रुजलं.

त्याही आधीचं माझं आवडतं उदाहरण ऑस्ट्रियातल्या मारिएंटालचं. गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे गेले. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेग त्यांनी मोजला. पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत होते, मध्येच थांबत होते. वाचनालयाची वर्गणी रद्द होऊनही पुस्तकं नेणं घटलं होतं. नुसती निरीक्षणं करत फिरायचं नाही, गावाच्या काही उपयोगी पडायचं, असं पथकाने ठरवलं होतं. म्हणून कपडेवाटप, शिवणाचे वर्ग, डॉक्टरी तपासणी हेही केलं. अहवाल १९३३ चा आहे. त्यात 'अनिश्चितता सहन न होणे' असं कुणाच्या नावापुढे लिहिलेलं नाही.

निळीशाई

धागा तिसऱ्या प्रतिसादातच ऑस्ट्रियाला पोचला. काजवा असले की असंच होतं, आणि म्हणूनच मी येते. :)

पाणपोई

मी समाजकार्यातली. धागा वाचून आनंदही झाला आणि थोडा रागही आला. घरभाडं, पाळ्या, कर्ज, नवऱ्याची मारहाण, रेशन हे सगळं आमच्या टेबलावर रोज असतं. टीमच्या बैठकीत मात्र आमची पाळी शेवटची दहा मिनिटं. मानसशास्त्रज्ञांना समाज दिसला ही चांगली गोष्ट आहे, पण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या समाजकार्यकर्तीला आधी विचारा. नवीन शाखा काढायची वेळ येणार नाही.

उंबरठा, व्यवहाराचं सांगते. बाईंची संमती घेऊन मालकाला किंवा कंपनीच्या डॉक्टरला पत्र द्या की पाळी आधी कळणं प्रकृतीसाठी आवश्यक आहे. आम्ही अशी पत्रं लिहितो. कधी चालतात, कधी फाइलला लागतात.

तिसरा_बाक

मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूची. आजवर दोन थेरपिस्ट झाले.

पहिल्या वेळी घरमालकाने घर सोडायची नोटीस दिली होती. थेरपिस्टने विचारांची वही दिली. 'आम्ही रस्त्यावर येणार' असं मी लिहिलं. समोरच्या रकान्यात या विचाराच्या विरोधातला पुरावा लिहायचा होता. नोटीस पर्समध्ये होती, ती काढून टेबलावर ठेवली. थेरपिस्टने वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाली, आपण भावनेकडे येऊ. त्यानंतर मी तिथे खरं बोलणं बंद केलं.

दुसरीला सगळं कळत होतं. माझ्यासारख्यांचं असं का होतं, भाडी का वाढतात, बायकांवर सगळा भार का पडतो, हे ती फार सुंदर समजावून द्यायची. पहिल्यांदा रडू आलं, कुणीतरी मानलं म्हणून. पुढे मात्र प्रत्येक वेळी घरी जाताना पाय जड व्हायचे. एवढं मोठं काहीतरी माझ्या डोक्यावर बसलंय, तर मी काय कप्पाळ करणार?

उपयोग कशाचा झाला? तिनेच भाडेकरूंच्या एका गटाची गाठ घालून दिली. तिथे माझ्यासारख्या दहाबारा जणी होत्या. नोटिशीला उत्तर कसं द्यायचं ते एकीला माहीत होतं. घर शेवटी सोडावं लागलं, पण मुदत वाढवून मिळाली. आणि त्या काळात झोप येत होती.

सरळरेष

तिसरा_बाक, प्रतिसाद फार मोलाचा आहे. पहिल्या थेरपिस्टने केली ती सीबीटीच नव्हे. खऱ्या संकटाला विचारातली चूक म्हणून हाताळू नये, तिथे समस्या सोडवण्याकडे वळावं, हे चांगल्या सीबीटीतही शिकवतात. आता पुढचा प्रश्न असा पडतो की इतक्या जणांना ते शिकवूनही का येत नाही.

गाठोडं

कारण निदान आधी ठरलेलं असतं. निदानाची भाषा कुणाच्या बाजूने बोलते हे तपासणं, माझ्या मते क्रिटिकल सायकॉलॉजीचं खरं काम तेच. १८५१ मध्ये कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला आजार ठरवलं आणि 'ड्रॅपेटोमेनिया' असं भारदस्त नाव दिलं. समलैंगिकता अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या यादीत १९७३ पर्यंत होती. ती निघाली त्यात संशोधनाबरोबरच बाहेर उभ्या असलेल्या आंदोलकांचाही वाटा होता.

ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या क्लिनिकल विभागाने २०१८ मध्ये 'पॉवर थ्रेट मीनिंग फ्रेमवर्क' (सत्ता, धोका आणि अर्थ यांची चौकट) आणलं. लुसी जॉनस्टन आणि मेरी बॉइल त्याच्या प्रमुख लेखिका. तुम्हाला कोणता आजार आहे, या प्रश्नाच्या जागी: तुमच्यावर काय गुदरलं, त्याचा परिणाम काय झाला, त्याचा अर्थ तुम्ही काय लावलात, तगून राहायला काय केलंत. उंबरठा यांच्या बाईंचा मोबाइलवरचा अंगठा या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाळी हातची जाऊ नये म्हणून शोधलेला तो उपाय आहे.

अर्धविराम

गाठोडं, एक विनंती. निदानावर सरसकट तुटून पडू नका. मला बायपोलरचं निदान मिळालं त्या दिवशी हायसं वाटलं. आळशी, विक्षिप्त, नाटकी ही लेबलं त्याआधी लोकांनी लावली होतीच. निदानाच्या कागदावर मला रजा मिळाली, औषध मिळालं, माझ्यासारखी माणसं भेटली. तो कागद काढून घेणार असाल तर रजा कशावर मिळणार ते आधी सांगा.

गाठोडं

अर्धविराम, मान्य. सवलतींची दारं निदानाच्या किल्लीनेच उघडतात तोवर ती किल्ली कुणाकडूनही हिसकावून घेऊ नये. माझा आक्षेप तोच एक दरवाजा ठेवण्यावर आहे.

पिंपळपान

थोडं अवांतर. दरवाज्यावरून आठवलं. इटलीत त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख फ्रांको बझालिया होते. १९७३ मध्ये तिथल्या रुग्णांनी आणि कलाकारांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा केला. नाव मार्को कावाल्लो; धुण्याची गाडी ओढणाऱ्या तिथल्या खऱ्या घोड्याचं नाव. तो मिरवत शहरात न्यायचा ठरला, तर दरवाज्यातून बाहेर निघेना इतका मोठा. मग दरवाजा तोडूनच बाहेर काढला. १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीत नवी मनोरुग्णालयं उघडायला बंदी आली.

हा घोडा प्रशिक्षणातल्या प्रत्येकाला दाखवावा असं मला मनापासून वाटतं. कुणालाही थेरपी न देता केलेलं ते मानसिक आरोग्याचं काम होतं.

पाणपोई

घोडा सुंदरच. पण त्या वर्षांत त्रिएस्तेत चोवीस तास उघडी असणारी केंद्रं, राहायच्या जागा, रोजगाराच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, तेही दाखवा. जिथे हे उभं न करता नुसती रुग्णालयं रिकामी केली, तिथे भार घरातल्या बाईवर आला.

उद्या_बघू

मी अर्थशास्त्रवाला, पाहुणा म्हणून लिहितो. केनियाच्या ग्रामीण भागात हाउसहोफर, मुदिदा आणि शपीरो यांनी ५,७५६ लोकांवर प्रयोग केला. काहींना बिनशर्त रोख रक्कम, काहींना पाच आठवड्यांचा मानसोपचार कार्यक्रम, काहींना दोन्ही. वर्षभराने पैसे मिळालेल्यांची आर्थिक स्थिती सुधारलेली होती आणि मानसिक स्वास्थ्यही. मानसोपचाराचा मोजता येईल असा परिणाम दिसला नाही, सुरुवातीला त्रासात असलेल्यांवरही नाही. दोन्ही मिळालेल्यांना फायदा साधारण नुसत्या पैशाएवढाच.

सरळरेष

हा अभ्यास महत्त्वाचा आहे, पण एकट्याने बघू नये. घानात गरीब ग्रामीण लोकांना गटात सीबीटी दिली, बारा आठवडे, तिथे चांगला फरक दिसला. मानसोपचार गरिबांसाठी निरुपयोगी असा निष्कर्ष निघाला तर निधी देणारे तो आनंदाने उचलतील आणि पैसेही देणार नाहीत.

काजवा

सरळरेष, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के सहमत.

याच ओघात झिंबाब्वेचा 'फ्रेंडशिप बेंच' आठवला. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षित आज्या बसतात, लोकांचं ऐकतात, एक अडचण निवडून सोडवायला मदत करतात. २०१६ मध्ये हरारेतल्या २४ दवाखान्यांतल्या ५७३ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि परिणाम उत्तम होता. जगभर त्याचं अनुकरण चाललंय. पण सुरुवात सहसा सांगत नाहीत. २००५ मध्ये सरकारने वस्त्या जमीनदोस्त केल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे सात लाख लोकांचं घर किंवा रोजगार किंवा दोन्ही गेलं. त्यानंतर डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने म्बारे या भागात आज्यांना घेऊन हे काम सुरू केलं. आज्यांनी जे केलं त्याला नमस्कार. मात्र अभ्यासक्रमात बाक येतो आणि बुलडोझर गळतो. तिथेच क्रिटिकल नजर शिकवायला हवी.

दोनओळी

बाक आणि बुलडोझर. हे लिहून ठेवलं.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात बरंच घडलं.

पाणपोईताईंनी सुचवलेल्या पत्राबद्दल बाईंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "नको. माझं एकटीचं नाव गेलं तर मी डोळ्यावर येईन. पुढच्या महिन्यात पाळ्याच कमी देतील." मग त्यांनीच सांगितलं की पाळीवरच्या काही जणी कपडे बदलायच्या खोलीत बोलतात. पाळ्या निदान आठवडाभर आधी कळाव्यात असं सगळ्यांनी मिळून मागायचं चाललंय. मला विचारलं, "झोपेवर याचा परिणाम होतो असं कुठं लिहिलेलं आहे का? आम्ही सांगितलं तर म्हणतात, तुम्ही नाटकं करता."

सोप्या भाषेत एक पान लिहून दिलं. बाईंनी ते माझ्यासमोर वाचलं, दोन वाक्यं खोडायला लावली ('हे वाचून आम्ही आजारी वाटतो') आणि घेऊन गेल्या. झोपेवरचे उपचार चालूच आहेत, सरळरेष, आणि उपयोग होतोय.

पण हे पान माझ्या नोंदवहीत कुठेच बसत नाही. थेट सेशनचे तास, चाचण्यांचे तास, सुपरव्हिजनचे तास, असे रकाने आहेत. या कामाला रकाना नाही, म्हणजे प्रशिक्षणाच्या हिशेबी ते झालंच नाही.

उद्या_बघू

त्या पानात हे घाला. श्नायडर आणि हार्कनेट यांनी अमेरिकेतल्या दुकानांतल्या आणि खाद्यसेवेतल्या कामगारांवर केलेला अभ्यास, २०१९: पाळ्यांची अनिश्चितता जितकी जास्त, तितका मानसिक त्रास जास्त आणि झोप वाईट. तासाच्या मजुरीपेक्षाही हे नातं घट्ट निघालं. अमेरिकेतल्या सिएटल शहरात २०१७ पासून दुकानं आणि खाद्यसेवा चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना पाळ्या १४ दिवस आधी सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच संशोधकांनी पाहिलं तर तिथल्या कामगारांची झोप आणि समाधान दोन्ही सुधारलं होतं. सरळरेष चाचण्या मागतात, म्हणून मुद्दाम सांगतो: नियम बदलल्याने झोप सुधारते, याला पुरावा आहे.

सरळरेष

हे माहीत नव्हतं. दोन्ही अभ्यास वाचतो. उंबरठा, तुमचं पान मलाही बघायला आवडेल, बाईंची हरकत नसेल तर.

परतीची_वाट

मी क्लिनिकल प्रशिक्षणात शिकवते. इतका वेळ वाचत होते, उंबरठा यांच्या रकान्याने लिहायला बसवलं.

आमच्याकडे दरवर्षी हीच मागणी येते: कम्युनिटी सायकॉलॉजीचं आणखी एक व्याख्यान ठेवा. व्याख्यानं वाढवून फारसं काही होत नाही हे मी पाहिलंय. विद्यार्थी भारावतात आणि दुसऱ्या दिवशी तास भरायला खोलीत जातात, कारण पास होणं त्या तासांवर असतं. जे मोजलं जातं तेच शिकलं जातं. म्हणून माझी मागणी सरळ आहे, मूल्यमापन बदला. गटाबरोबर केलेलं काम, लिहून दिलेलं पान, दुसऱ्या विभागाशी केलेला पाठपुरावा यांना थेट कामाचे तास धरा. त्यावर सुपरव्हिजन द्या आणि तेवढ्याच कसोशीने तपासा. कसोशी हवीच, चांगल्या हेतूने केलेल्या सामूहिक कामानेही माणसं दुखावतात, उघडी पडतात. बाईंनी पत्राला नाही म्हटलं ते ऐकून घेणं हे कौशल्य आहे, आणि कौशल्य तपासता येतं.

दुसरं, केस सादर करताना परिस्थितीला 'पार्श्वभूमी' म्हणू नये. त्रास टिकवून धरणारी गोष्ट माणसाच्या बाहेर असेल तर ती त्याच रकान्यात यावी आणि समोर लिहावं की हे बदलणं कुणाच्या हातात आहे. डेव्हिड स्मेल या ब्रिटिश क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने आयुष्यभर हेच मांडलं: माणसाला छळणाऱ्या सत्ता बहुतेक वेळा त्याच्या नजरेपल्याड असतात, थेरपीच्या खोलीपासून तर फारच दूर.

फ्रांत्झ फॅनन हा मनोविकारतज्ज्ञ १९५३ मध्ये अल्जीरियात ब्लिदाच्या रुग्णालयात गेला तेव्हा गटसभा, वार्डाचं वर्तमानपत्र, समारंभ हे फ्रान्समध्ये शिकलेलं सगळं त्याने चालू केलं. युरोपीय बायकांच्या वार्डात जमलं, मुस्लिम पुरुषांच्या वार्डात पार फसलं. रुग्णांना दोष देण्याऐवजी त्याने आपली पद्धत तपासली. मग त्यांच्यासाठी कॉफीघर उघडलं, त्यांचे सण, त्यांचे कथेकरी वार्डात आणले. हे मी दर बॅचला पूर्ण तासभर शिकवते, आणि परीक्षेत विचारते.

पाणपोई

परतीची_वाट, त्या कामाची सुपरव्हिजन समाजकार्यवाल्यांकडूनही घेता येईल अशी सोय करा. लगेच होण्यासारखं आहे.

परतीची_वाट

नक्की. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन्ही मांडते. उंबरठा, तुमच्या नोंदवहीत 'इतर' असा रकाना असेल तर आत्ताच तारीख, वेळ आणि काय केलं ते लिहून सुपरव्हायझरची सही घ्या. सही नाकारली तर कारण लेखी मागा. मागणीबरोबर असा एक खरा कागद जोडलेला असला की बैठकीत टाळाटाळ करता येत नाही.

तिसरा_बाक

आणि बाईंना सांगा, त्या दोन ओळी खोडल्या ते फार बरं केलं.

उंबरठा

सांगते. 'इतर' रकाना आहे, सुपरव्हायझरची भेट परवा आहे. सहीचं काय झालं ते इथेच लिहीन.